सर्व हक्क सौ. विजयमाला यांचे

“ही विजयमाला कोण?” लिसी सिस्टरनं विचारलं, आणि रेठरेकर सरांना चहाचा ठसका लागला.

एप्रिल महिना, मिरजेचं ऊन आणि आमच्या कॉलेजचा मराठी विभाग. पंखा होता, पण तो वाऱ्यापेक्षा कुरकुरच जास्त करायचा. टेबलावर सरांचं लाल पुस्तक उघडं पडलं होतं. परभाषिकांना मराठी शिकवणाऱ्या त्या पुस्तकाचं खरं नाव इतकं लांबलचक होतं, की खुद्द सरही त्याला लाल पुस्तकच म्हणायचे. आतल्या पानावर, प्रकाशकाच्या पत्त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं : सर्व हक्क सौ. विजयमाला दिगंबर रेठरेकर यांचे स्वाधीन.

“आमच्या सौभाग्यवती,” सर ओठ पुसत म्हणाले.

“पुस्तक त्यांनी लिहिलंय?”

“छे छे! लिहिलंय मीच. हक्क तिच्या नावावर आहेत. आपल्याकडं पद्धत आहे तशी. लेखक पुस्तकाचे हक्क बायकोच्या नावावर टाकतो.”

“कशासाठी?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. मला उत्तर माहीत असतं तरी मी दिलं नसतं, कारण मला सहावं वर्ष चालू होतं.

सहावं वर्ष म्हणजे तासिका तत्त्वावरचं. मी पद्मजा मगदूम, वय एकतीस, एम. ए., नेट. तास घेतला तर मॅडम, सुट्टी लागली की कुणीच नाही. मे महिन्यात तर मी आहे की नाही हे कॉलेजला ठाऊकही नसायचं. घरी आप्पांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, की आता पुरे झालं. जूनपासून दाजींच्या हळदीच्या पेढीवर बसायचं. दाजी माणूस चांगला, पण दिवसभर हळदीच्या पोत्यांत बसून मी काय करणार होते? शिंकणार. याहून जास्त काही मला दिसत नव्हतं.

तेवढ्यात पुण्याच्या एका न्यासाची जाहिरात आली. भाषा शिकवण्याचं साहित्य तयार करायला अनुदान. अट अशी, की तीन संस्थांनी मिळून अर्ज करायचा, आणि साहित्य तयार झालं की ते सगळ्या जगाला खुलं सोडायचं. कुणीही वापरा, छापा, कापा, बदला. मूळ नावं तेवढी ठेवा. लिसी सिस्टर गावातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायची. दरवर्षी केरळातून नव्या पोरींची तुकडी यायची आणि वॉर्डात उभी राहायची. पेशंट सांगायचा, “पोटात कालवतंय, अंगात कसर हाय,” आणि पोरगी भांबावून सिस्टरकडं बघायची. सिस्टर स्वतः कोट्टायमची, पण वीस वर्षांत तिची मराठी अशी काही मुरली होती, की लक्ष्मी मार्केटातले भाजीवाले तिच्याशी घासाघीस करायला कचरायचे. तिसरा भागीदार म्हणजे कोट्टायमचंच एक कॉलेज. ते फक्त ई-मेलमध्ये राहायचं.

तर सरांच्या लाल पुस्तकावरून नर्सेससाठी नवे धडे करायचे, असं ठरलं. अनुदान मिळालं, तर तीन वर्षं प्रकल्प सहायक म्हणून माझी नेमणूक, पगार बारा महिने. अर्ज मी लिहिला, सगळाच्या सगळा. सरांनी त्यात काही स्वल्पविराम घातले आणि वर स्वतःचं नाव टाकलं : प्रकल्प प्रमुख. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

आता एकच कागद राहिला होता. जुनं पुस्तक खुलं करायला हक्कधारकाचं संमतिपत्र, सहीनिशी.

“म्हणजे काकूंची सही लागणार,” मी म्हटलं.

“मिळेल की. घरचाच मामला आहे,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा चांगला स्वच्छ होता.

घरचा मामला पुढं आठवडाभर काही हलेना. रोज मी विचारायची, “सर, सही?” आणि रोज काहीतरी निघायचं. आज अमावस्या, आज तिची बहीण आलीय, आज मीच विसरलो. शेवटची तारीख उजाडली. दुपारी मी स्कॅनरपाशी उभी राहिले आणि म्हटलं, “सर, पाच वाजता पोर्टल बंद होतंय. मी जाऊन आणू का काकूंची सही?”

“कशाला उगीच उन्हातान्हात,” असं म्हणून सरांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, कागद पुढं ओढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ‘विजयमाला दि. रेठरेकर’ अशी झोकदार सही ठोकून दिली. वर शेवटच्या अक्षराची शेपटी अशी काही फिरवली, की ज्याचं नाव ते.

“सर! अहो, हे काय?”

“काय झालं?”

“ही काकूंची सही आहे?”

“अगदी हुबेहूब. बँकेत हीच, विम्याच्या कागदावर हीच, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पण हीच होती. लग्न झाल्यापासून तिची सही मीच करतोय. संसारात कसं, सही एका हाताची असली की गोंधळ होत नाही.”

“सर, हे बरोबर नाही. ही लबाडी झाली. मी नाही हे चढवणार.”

“तू नकोच चढवू. मला येतं,” सर म्हणाले. आणि ज्या माणसाला ई-मेल उघडायला शिपाई लागायचा, त्या माणसानं तो कागद स्कॅन करून, नीट नाव देऊन, पोर्टलवर चढवला. गरज पडली की माणूस काय काय शिकतो बघा. मी रागारागानं घरी गेले. आईनं विचारलं, अर्ज गेला का? मी म्हटलं, गेला एकदाचा, आता कुठं जातोय ते बघू.

आठवड्यानं उत्तर आलं. पहिल्या चाळणीत आम्ही निवडले गेलो होतो. मी वाचता वाचता टुणकन उडी मारली आणि पुढची ओळ वाचून खाली बसले. न्यासाच्या नियमानुसार हक्कधारकाशी पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं, संमती पक्की करून घ्यायला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता.

सरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पिठल्यासारखा झाला.

“आता?” मी म्हटलं.

“पद्मजा,” सर म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी मला इतक्या मऊ आवाजात कधी हाक मारली नव्हती. “तू जरा जाऊन बोलतेस का तिच्याशी?”

“मी? तुम्ही घरी गेल्यावर बोला की.”

“नाही, त्याचं काय आहे...” सर इकडं तिकडं बघायला लागले. “ती वर राहते.”

हे अख्ख्या मिरजेला माहीत होतं. फक्त सरांना वाटायचं, की कुणाला माहीत नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले आणि काकू आपली शेगडी, गादी आणि चार भांडी घेऊन वर राहायला गेल्या, त्याला आठ-नऊ महिने झाले होते. जिना बाहेरून. दूधवाला एक पिशवी खाली टाकायचा, एक वर. कामाच्या मालनबाई दोन्हीकडं भांडी घासायच्या आणि निरोपही पोचवायच्या. त्यासाठी त्यांनी पगारही वाढवून घेतला होता.

मी गेले. दुसरं काय करणार? एका बाजूला हळद, एका बाजूला हे.

काकू दारातच बसून वाल सोलत होत्या. ठेंगणी, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी त्यांना समारंभात दोनदा-तीनदा लांबून पाहिलं होतं, बोलले कधी नव्हते.

“ये, बस,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी पाठवलं?”

“हो.”

“मग आधी वाल सोल. बोलणं होईल तसं होईल.”

मी वाल सोलता सोलता सगळं सांगितलं. अनुदान, लाल पुस्तक, हक्क, आणि सहीसुद्धा. सहीचं सांगताना जीभ अडखळली, पण म्हटलं, हिलाच फसवायचं आणि हिलाच विनवायचं, दोन्ही कसं जमणार? मी आपली सरळ बोलून मोकळी झाले.

काकूंना असं हसू फुटलं की वालाची परात कलंडली.

“माझ्या नावावर आहे? पुस्तक?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“अगं, प्रकाशनाला मला पुढच्या रांगेत बसवलं, नारळ दिला, ओटी भरली. पुस्तक दिलंय हे कुणी सांगितलंच नाही! वीस वर्षं मी मालकीण आहे आणि मलाच पत्ता नाही. खुळ्यांचा बाजार नुसता.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग हसू एकदम ओसरलं. “बघ की, घर सासऱ्यांच्या नावावर होतं, ते ह्यांच्या नावावर आलं. गाडी ह्यांच्या नावावर. मालगाव रोडला एक प्लॉट होता, तोही ह्यांच्या नावावर. पण तिथं शेवगा माझा होता, कढीपत्ता माझा होता. रोज बसनं जाऊन पाणी घालत होते मी. गेल्या वर्षी ह्यांनी प्लॉट विकला. मला कळलं तेव्हा घेणाऱ्यानं शेवगा तोडून कुंपण घातलं होतं. मी म्हटलं, अहो, विचारायचं तरी. तर म्हणाले, तुझी सही लागत नव्हती त्याला.”

मी सांडलेले वाल गोळा करायला लागले. त्यावर काय बोलायचं असतं, ते नेट-सेटला विचारत नाहीत.

“म्हणून वर आले. भांडण नाही केलं. म्हटलं, जिथं माझी सही लागत नाही तिथं माझा स्वयंपाक तरी कशाला लागतोय?” त्यांनी परात सरळ केली. “बरं, तुझं काय ह्यात?”

“माझी नोकरी आहे, काकू. तीन वर्षांची. नाहीतर जूनपासून हळदीच्या पेढीवर.”

“आणि अर्जात तुझं नाव कुठं घालायचं, ते विचारलं का ह्यांनी तुला?”

“नाही.”

“मग तू पण माझीच बहीण,” काकू म्हणाल्या. “पुस्तक ठेवून जा. माझंच आहे तर वाचते तरी.”

“काकू, मग गुरुवारी तुम्ही काय सांगणार?”

“ते गुरुवारी सांगीन. आणि हो, ते फोनवरचं काय ते इथं वर करायचं. ह्यांना म्हणावं, यायचं असलं तर जिना चढून या.”

बुधवारी रात्रभर मी हिशेब मांडत बसले. काकू ‘हो’ म्हणाल्या तर खोटी सही खपून जाणार, ‘नाही’ म्हणाल्या तर माझं काम संपलं. दोन्हीतलं एकही मला नीट पचत नव्हतं. पण खरं सांगू? देवाकडं मी ‘हो’च मागितलं. बाकीचं नंतर बघून घे, असंही त्याला सांगितलं.

गुरुवारी काकूंनी इस्त्रीची इरकल नेसली होती. तांदळाच्या डब्यावर पाट, पाटावर माझा लॅपटॉप. लिसी सिस्टर वेताच्या मोड्यावर बसली, मी जमिनीवर. सर जिना चढून आले तेव्हा भात्यासारखे धापा टाकत होते. गुडघे धरून ते कोपऱ्यातल्या कॉटवर बसले, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेतानं. नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलंही नाही.

पडद्यावर एक कोवळा पोरगा उगवला. चारुदत्त केळशीकर, न्यासाचा अधिकारी. स्वच्छ दाढी, स्वच्छ मराठी.

“नमस्कार काकू. फक्त औपचारिकता आहे, पाच मिनिटांत संपवू. हे पुस्तक सर्वांसाठी खुलं करायला तुमची संमती आहे आणि ती तुम्ही स्वेच्छेनं देताय, एवढंच तुमच्या तोंडून हवंय.”

“स्वेच्छेनं म्हणजे?” काकूंनी विचारलं.

“म्हणजे कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तुमच्या मनाला वाटलं म्हणून.”

“मग तुम्हाला जरा थांबावं लागेल,” काकू म्हणाल्या. “सवय नाही.”

केळशीकरांना हसावं की लिहून घ्यावं ते कळेना. कॉटवर सरांची चुळबुळ सुरू झाली.

“खुलं केलं म्हणजे ते माझं राहणार नाही?”

“राहणार ना. मालकी तुमचीच. तुम्ही फक्त लोकांना वापरायला परवानगी देताय. जिथं जिथं ते जाईल, तिथं तुमचं नाव जाईल.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर... अर्ज बाद होईल, काकू.”

सरांनी कॉटवरून दोन्ही हात जोडले. काकूंनी तिकडं बघितलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. हिच्याकडं बघ तरी, अशा अर्थानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजपर्यंत मी पेपर तपासायला उपयोगी पडत होते, आता दया यावी म्हणूनही मीच! मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी बोट खाली घेतलं.

“बरं,” काकू म्हणाल्या. “आता माझं एक ऐका. तुमच्याकडं जो कागद आलाय, त्यावरची सही माझी नाही.”

लिसी सिस्टरनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांसमोर मला पोतीच पोती दिसायला लागली.

“मग कुणाची आहे?” केळशीकर.

“आमच्या यजमानांची. माझ्यापेक्षा छान करतात.”

“काकू, हे... हे रेकॉर्ड होतंय.”

“होऊ दे की. मला परत सांगायला नको.”

“म्हणजे तुमची संमती नाही, असं समजू?”

“असं कुठं म्हटलं मी? मला कुणी विचारलंच नाही, तर संमती आहे का नाही हे मला तरी कुठनं कळणार?”

“पण मी विचारतोय ना, काकू.”

“तुम्ही विचारलंत, तुमचे उपकार झाले. पण वस्तू ज्याला पाहिजे त्यानं मागावी. मध्यस्थानं कशाला?” असं म्हणून काकूंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, गर्रकन फिरवला आणि सरांसमोर धरला. “हं. विचारा.”

सर पडद्यावर दिसायला लागले. घामेजलेले, एका हातात रुमाल, चष्मा नाकाच्या टोकावर.

“अगं, हे काय चाललंय? लोकांसमोर...”

“पुस्तक लोकांनाच द्यायचंय ना? मग लोकांसमोरच विचारा.”

“काय विचारू?”

“जे पाहिजे ते.”

आता बघा, हा माणूस अध्यक्षीय समारोप करायला उभा राहिला की तासभर खाली बसायचा नाही. पण त्या दिवशी तोंड उघडायचं, मिटायचं, परत उघडायचं, आणि बाहेर काही येईना. शेवटी लिसी सिस्टरला राहवलं नाही. तिला लाल पुस्तक तोंडपाठ.

“सर,” ती परीक्षेत कॉपी पुरवावी तशी हळूच म्हणाली, “धडा नववा. विनंती.”

आणि सरांनी खरोखर म्हटलं, “कृपया मला आपली परवानगी मिळू शकेल काय?”

पडद्यावर केळशीकरांनी ओठ गच्च दाबून धरले. पदर नसल्यामुळं मी तोंडात ओढणी कोंबली.

“असं घरात कोण बोलतं हो?” काकू म्हणाल्या. “वकिलाची नोटीस आल्यासारखं. म्हणून तर त्या पुस्तकातली बाई धड्याधड्याला नुसता चहा घेऊन येते. दुसरं काही बोलायला तिला शिकवलंच नाही तुम्ही.”

सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. म्हातारा झाला होता माणूस. त्यांनी आधी काकूंच्या पायांकडं बघितलं, मग वर.

“विजू,” ते म्हणाले. “त्या शेवग्याचं... विचारायला पाहिजे होतं मी.”

“आणि?”

“आणि पुस्तकाचं पण. चुकलंच माझं.” आवाज पार खाली गेला होता. “दे की.”

मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी काकूंना गदागदा हलवून ‘आता तरी हो म्हणा’ असं ओरडावंसंही वाटत होतं. काकूंना कसली घाई! त्यांनी लॅपटॉप पाटावर ठेवला. माठातलं पाणी घेतलं. पेलाभर पाणी सावकाश प्याल्या. पेला पालथा घातला. पुण्याचा पोरगा वाट बघत होता, सर वाट बघत होते, माझी उरलेली सगळी जिंदगी वाट बघत होती.

“दिलं,” त्या केळशीकरांना म्हणाल्या. “कुणालाही वापरू दे. पाहिजे तसं बदलू दे. त्या बाईच्या हातातला चहाचा ट्रे तेवढा आधी काढा म्हणावं.”

लिसी सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. केळशीकर मात्र अवघडून बसले होते.

“काकू, संमती मिळाली, उत्तम. पण सहीचं मला समितीला सांगावं लागेल. आणि प्रकल्प प्रमुख सरच राहिले, तर अर्ज टिकेल असं मला वाटत नाही.”

सरांनी मान खाली घातली. एका शब्दानं भांडले नाहीत.

“तुम्ही पर्यायी नाव सुचवू शकता,” केळशीकर म्हणाले. “हा अर्ज मुळात लिहिलाय कुणी? चांगला लिहिलाय, म्हणून विचारतो.”

“हिनं!” सिस्टरनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कॅमेऱ्यापुढंच जाऊन पडले. “अख्खा हिनं लिहिलाय. आमच्या वॉर्डात आठ दिवस पेशंटजवळ बसून लिहिलाय.”

“मग प्रमुख म्हणून यांचंच नाव घेऊ या. मी समितीला तसं...”

“थांबा,” काकू म्हणाल्या. “तिला विचारा आधी.”

सहा वर्षं मला सांगत आले होते. हा वर्ग घे, तो घेऊ नको, गॅदरिंगला रांगोळी काढ, जूनमध्ये बघू. कुणी सांगण्याऐवजी विचारलं तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलंच नव्हतं.

“तुम्हाला चालेल का, मॅडम?” केळशीकरांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, “पगार किती?”

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. काकू मात्र खूश झाल्या. केळशीकरांनी आकडा सांगितला. सहायकापेक्षा बरा होता. मी म्हटलं, “चालेल.” पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, म्हणून परत एकदा म्हटलं. तेव्हा मात्र खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल.

समितीनं महिनाभर तंगवलं. काकूंनी नवं संमतिपत्र दिलं, स्वतःच्या सहीनं. वेडीवाकडी, उतरती, शेपटीबिपटी काही नाही. सराव नव्हता ना! मग मंजुरी आली, मागितलं होतं त्याच्यापेक्षा कमी, पण आली. दाजींनी पेढीवर दुसरं माणूस ठेवलं आणि आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सर तर पावसाळाभर बोलले नाहीत. ते आता सल्लागार झाले होते. श्रावण सरला आणि एक दिवस आपणहून माझ्या टेबलापाशी आले, “बसू का?” म्हणून विचारलं, आणि माझ्या धड्यांत स्वल्पविराम घालत बसले. कोट्टायमचं कॉलेज पहिल्यांदा दिसलं ते तीन वर्षांनी, समारोपाच्या फोटोत, मधोमध.

मंजुरी आली त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. नवे धडे दाखवायला मी काकूंकडं गेले होते. आम्ही वाचत बसलो, तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. सर आले, कठड्याला धरून उभे राहिले.

“विजू, दोडका आणू का भेंडी?”

“दोडका.”

सर उतरून गेले. थोड्या वेळानं पुन्हा धापा.

“विजू, आपल्या सुमीच्या सासऱ्यांना फराळ उद्या पाठवू का परवा?”

“परवा. चिवडा व्हायचाय.”

सर परत उतरले. प्रत्येक पायरीला त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आम्हाला वरपर्यंत येत होता.

“काकू,” मी म्हटलं, “आता तर बोलता तुम्ही दोघं. मग खाली का नाही जात राहायला? सरांचे हाल बघा की.”

काकूंनी पान उलटलं.

“जाईन की,” त्या म्हणाल्या. “पण एकदा का मी खाली गेले, की विचारायचं बंद होईल बघ.”